दहीपुलाजवळचं जुन्या वस्तूंचं दुकान: जा नक्की, पण 'राजाच्या कपा'ला भुलू नका

रविवारी नाशिकला दहीपुलाजवळच्या एका गल्लीत जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलेलो, नाव टाकत नाही कारण काका माणूस म्हणून खरंच गोड आहेत. समया, अडकित्ते, बंद पडलेली घड्याळं असला पसारा आणि काचेच्या कपाटात एकच निळी कपबशी, सोनेरी काठ, मधोमध फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतचं चित्र. साडेआठ हजार! काका म्हणे फ्रान्सच्या राजवाड्यातली आहे, खाली शिक्का बघा की.

शिक्का होता, निळ्या रंगात एकमेकांत अडकलेले दोन एल, म्हणजे लुई राजाचे, फ्रान्समधल्या सेव्रच्या चिनीमातीच्या कारखान्याची खूण. आता गंमत ऐका. त्या दोन एलच्या मधे अक्षर असतं ते वर्षाचं, ए म्हणजे १७५३ आणि तिथून पुढे, ह्या कपावर होता बी, म्हणजे १७५४ च्या सुमाराचा. आणि राणीबाईंचा जन्म १७५५ चा, राणी झाल्या १७७४ ला 😂 बरं १७५४ ला कारखाना सेव्रला आलाही नव्हता, तो व्हॅन्सेनहून १७५६ ला हलला.

बुडाला टवका उडालेला, तिथे मोबाइलचा टॉर्च मारला तर आत काचेसारखं गुळगुळीत. ही चिनीमातीची कडक जात, हिला केओलिन नावाची पांढरी माती लागते आणि ती फ्रेंचांना लिमोजजवळ सापडली १७६८ ला. त्याआधीच्या मऊ जातीचा टवका साखरेसारखा रवाळ दिसतो. एकोणिसाव्या शतकात असे खोटे शिक्के मारून पॅरिसमधून ढिगाने माल निघालाय, हा त्यातला असेल किंवा त्याहून नवा.

खरं काम बघायचं तर रशियाच्या कॅथरीन राणीने १७७६ ला सेव्रला सांगितलेला सेट नेटवर बघा, फिरोजी रंग, रोमन कॅमिओसारखे (दगडात उठावाने कोरलेले) चेहरे, सातशेच्या वर नग, करायला तीन वर्षं गेली. ते बघितल्यावर ह्या कपावरचं सोनं हळदीकुंकवाच्या वाणातलं वाटतं.

काकांना हे सगळं सांगितलं तर चिडले नाहीत, उलट चहा मागवला आणि म्हणाले मलापण असंच सांगून विकलं हो कोणीतरी. शेवटी नऊशेला घेतला, निळा रंग आवडला म्हणून. पॅकिंग मात्र बेकार, नुसता पेपर गुंडाळून दिला, बशीचा काठ घरी येईपर्यंत गेला. जाताना जुना टॉवेल न्या आणि गाडी गंगेवरच, म्हणजे गोदाकाठी लावा, गल्लीत वळत नाही.