ड्रमरकडे बघून अल्बम निवडा: पत्र्याच्या शेडसाठी चार नवे गॅरेज-पंक अल्बम

बँड काढायचा ठरला की पहिलं भांडण नावावरून होतं आणि दुसरं कोणाची गाणी बसवायची यावरून. पहिल्यात मी पडत नाही. दुसऱ्याबद्दल संभाजीनगर, लातूर, नांदेडकडची कॉलेजची पोरं-पोरी विचारतात, तेव्हा सत्तरच्या दशकातली मोठी नावं मी मुद्दाम मागे ठेवतो. ती ऐकाच, पण शिकायला आज वाजवणारे बँड बरे. त्यांचे अख्खे कार्यक्रम व्हिडिओवर सापडतात, बोटं कुठे पडतात ते दिसतं, आणि कोण किती वाजवतंय हे लपत नाही.

म्हणून गॅरेज-पंकचे, म्हणजे साध्या साधनांवर वेगात आणि ओरडून वाजवलेल्या रॉकचे, गेल्या दोन-तीन वर्षांतले चार अल्बम शेजारी शेजारी ठेवतोय. ब्रायटनच्या लँब्रिनी गर्ल्सचा पहिलाच, 'हू लेट द डॉग्ज आउट', जानेवारी 2025 मध्ये सिटी स्लँग कंपनीने काढला. मेलबर्नच्या अ‍ॅमिल अँड द स्निफर्सचा तिसरा, 'कार्टून डार्कनेस', ऑक्टोबर 2024 मध्ये आला. नॅशव्हिलच्या स्नूपरचा 'सुपर स्नूपर' जुलै 2023 चा, जॅक व्हाइटच्या थर्ड मॅन कंपनीचा. चौथा 'द हाइव्ह्ज फॉरेव्हर फॉरेव्हर द हाइव्ह्ज', ऑगस्ट 2025 चा. हे हाइव्ह्ज स्वीडनमधल्या फागेर्स्ता नावाच्या छोट्या गावचे, 1993 पासून वाजवतायत. चारही अल्बम अर्ध्या तासाच्या आसपास किंवा त्याच्याही आत संपतात. संभाजीनगरहून एसटीने पैठणला पोचेस्तोवर दोन सहज ऐकून होतात.

आता निवडायचं कसं? आवडता गायक बघून निवडाल तर पहिल्याच महिन्यात बँड मोडेल. आपल्यातला ड्रमर बघा.

आपल्याकडे ड्रमसेटवर लहानपणापासून बसलेलं पोरगं क्वचितच मिळतं. ड्रमर येतो तो हलगीवरून, ताशावरून, नाहीतर लग्नाच्या ऑर्केस्ट्रातल्या ऑक्टोपॅडवरून. त्याचं मनगट तयार असतं, पाय कच्चा असतो. तालाची समज जबरदस्त, पण मोठा ड्रम वाजवणाऱ्या किक पेडलवर उजवा पाय आणि हायहॅटच्या झांजांवर डावा पाय स्वतंत्र चालवायची सवय नाही. त्यात पंकचा वेग. हे डोक्यात ठेवलं की चारही अल्बम वेगळेच दिसायला लागतात.

स्नूपर सगळ्यात फसवे. बहुतेक गाणी दोन मिनिटांच्या आतली, आवाज खेळण्यातल्यासारखा, स्टेजवर कागदाच्या लगद्याची मोठाली बाहुली घेऊन नाचणारी माणसं. बघताना वाटतं, हे तर आपणही करू. बसवायला घेतलं की कळतं, गिटार आणि ड्रम इतक्या वेगात एकमेकांत अडकवलेत की एक जण अर्धी मात्रा घसरला तर गाणं तिथेच आडवं. ब्लेअर ट्रॅमेल आणि कॉनर कमिन्स या दोघांनी हा बँड घरच्या घरी रेकॉर्डिंग करत सुरू केला, आणि आधीच्या छोट्या रेकॉर्डवरची बरीच गाणी पूर्ण बँड घेऊन या अल्बमसाठी पुन्हा वाजवली. म्हणजे जे ऐकू येतं ते मुरलेलं आहे. तुमच्याकडे ड्रमरच नसेल आणि दोघंच असाल तर मात्र हाच अल्बम घ्या. मोबाइलवरच्या ड्रम मशीनवर एकच ठेका लावायचा, वेग निम्म्यावर आणायचा, आणि गिटारचे तुकडे त्यावर बसवायचे. मशीन घसरत नाही. 2025 च्या ऑक्टोबरात त्यांचा 'वर्ल्डवाइड' हा दुसरा अल्बमही आलाय, पण शिकायला पहिलाच बरा. शोधताना एक लक्षात ठेवा, त्यांच्या नावातल्या दोन्ही 'ओ'वर नागमोडी रेघ असते, त्यामुळे अल्बमचं नावही सोबत टाका.

हाइव्ह्जचं उलटं आहे. स्वर सोपे, चाल सोपी, गिटारवाला महिनाभरात बऱ्यापैकी वाजवेल. गंमत सगळी थांबण्यात आहे. पाच माणसं धाडकन एका ठोक्यावर थांबतात, गायक पेले आल्मक्विस्ट काहीतरी फुशारकी मारतो, आणि पुढच्या ठोक्यावर पाचही जण परत आत. हे थांबणं पंधरा-वीस वर्षं एकत्र वाजवल्यावर येतं. एका दुपारी वाळूजकडच्या एका शेडमध्ये मी चार पोरांना अशीच एक जागा बसवताना बघितलं. गिटार थांबली, बास (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) थांबला, ड्रमरचा हात थांबला, पण पाय थांबेना. 'ढप' असा एक जास्तीचा आवाज प्रत्येक वेळी. शेवटी त्यांनी त्या 'ढप'वरच गायकाला शिंकायला लावलं आणि ते मूळच्यापेक्षा बरं वाटलं. असला जुगाड सुचत असेल तर हाइव्ह्ज घ्या. नाहीतर वर्षभर थांबा.

त्याच शेडमध्ये आणखी एक गोष्ट दिसली, ती कुठल्याच परदेशी व्हिडिओत सांगणार नाहीत. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याखाली तारा तापतात, सैल पडतात आणि गिटार खाली उतरते. कूलर लावला की परत चढते. दर दोन गाण्यांनी सूर जुळवायला ट्यूनर लावायचा म्हणजे सरावाचा निम्मा वेळ गेला. दोन गिटारींचा बँड असेल तर दोन्ही वेगवेगळ्या वेगाने उतरतात, मग ऐकवत नाही. एकच गिटार असेल तर ती थोडी उतरली तरी गायकाचा आवाज तिच्यासोबत उतरतो, फार कोणाला कळत नाही. हाइव्ह्जच्या दोन गिटारी हा म्हणून मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खरोखरचा तोटा आहे. लँब्रिनी गर्ल्स आणि अ‍ॅमिल एका गिटारीवर निभावतात.

लँब्रिनी गर्ल्स मुळात दोघी, फीबी लनी गिटार आणि गायनाला, लिली मासिएरा बासला, आणि सोबत ड्रमर. गाण्याचा कणा बास आहे. गिटार बऱ्याच वेळा सूर सोडून नुसती किंचाळते, करकरते, शिट्टी मारते. नवशिक्या गिटारवाल्याला यापेक्षा चांगली बातमी नाही. ड्रमही असे की हातात जोर हवा, पायात कसब कमी चालतं. मधेमधे मोकळी जागा सोडलेली असते, श्वास घ्यायला मिळतो. हलगीवाला पोरगा इथे लगेच रुळतो. अल्बमचा निर्माता डॅनियल फॉक्स हा डब्लिनच्या गिला बँडमधला बासवाला, आणि बासला इतकं पुढे आणून ठेवण्यात त्याचा हात असणार असं मला वाटतं. अडचण एकच, बास वाजवणारी व्यक्ती पक्की हवी. आपल्याकडे बास ही 'ज्याला गिटार जमली नाही त्याला द्या' अशी वस्तू समजतात. या अल्बमला ते चालणार नाही. बासचा अँप (अँप्लिफायर) नसेल तर मंडपवाल्याकडचा मोठा स्पीकर दिवसाच्या भाड्याने मिळतो. गिटारच्या छोट्या अँपमध्ये बास लावू नका, त्याच्या स्पीकरचा पडदा फाटतो.

अ‍ॅमिल अँड द स्निफर्स ऐकायला मला चौघांत सगळ्यात जास्त आवडतात, आणि शिकायला मी ते तिसऱ्या नंबरवर ठेवतो. ठेका सरळ आहे, ड्रमरला त्रास नाही. पण डेक्लन मेर्टेन्सची गिटार ऐका. हा माणूस रांगडा वाजवतो असं वाटतं, प्रत्यक्षात जुन्या हार्ड रॉकचा पक्का अभ्यास आहे, छोटे छोटे सोलो नेमक्या जागी येतात. तुमच्यात तसा गिटारवाला असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर गायिका एमी टेलरच्या आवाजाखाली नुसते पोकळ स्वर उरतात. या बँडने 2016 मध्ये पहिली छोटी रेकॉर्ड लिहिणं, वाजवणं आणि बाहेर काढणं सगळं बारा तासांत उरकलं होतं. 'कार्टून डार्कनेस' मात्र निक लॉनेसारखा मुरलेला निर्माता घेऊन, लॉस एंजेलिसला फू फायटर्स या बँडच्या स्टुडिओत केला. तो स्वच्छ, भरदार आवाज शेडमध्ये दोन मोबाइल ठेवून येणार नाही, आणि येत नाही म्हणून पोरं खचतात. तेव्हा ऐकायला नवा अल्बम, नकलायला त्यांची जुनी रेकॉर्ड.

रेकॉर्डिंगचा विषय निघालाच आहे तर गॅरेज हा प्रकार आपल्या देशात काल आलेला नाही, हेही सांगतो. 1970 आणि 1971 साली सिमला सिगारेटच्या नावाने बँडची देशभर स्पर्धा झाली आणि त्यातल्या बँडच्या गाण्यांच्या दोन एलपी तबकड्या निघाल्या, 'सिमला बीट 70' आणि 'सिमला बीट 71'. साध्या साधनांवर केलेली, थोडी भेसूर, पण जिवंत. आजचे परदेशी संग्राहक त्या शोधत फिरतात.

शब्दांकडे येऊ. इथे हाइव्ह्ज सगळ्यात सोपे. इंग्रजी स्पष्ट, शिव्या बाकीच्यांच्या मानाने कमी, सगळा मामला 'आमच्यासारखे आम्हीच' या थाटाचा. गॅदरिंगला प्राचार्य पहिल्या रांगेत बसणार असतील तर हेच, फक्त गाण्याचे शब्द आधी तपासून घ्या. एमी टेलरचे ऑस्ट्रेलियन उच्चार कानाला बसायला वेळ लागतो आणि शिव्या भरपूर. लँब्रिनी गर्ल्सच्या शिव्या त्याहून जास्त, घरात हेडफोन लावूनच ऐका. पण लिहिण्याची तऱ्हा शिकायची असेल तर त्यांच्याइतकं हाताशी दुसरं काही नाही. पोलिसांची दंडेली, ऑफिसात बाईला होणारा त्रास, बापाच्या ओळखीवर पुढे गेलेली पोरं, खाण्यावरून शरीराची चाललेली छळणूक, असे विषय. काही ठिकाणी त्या तक्रार करत बसत नाहीत, थेट त्रास देणाऱ्याच्याच तोंडाने बोलतात. पैठणच्या एकनाथांनी भारुडात हेच केलं, दुसऱ्याचं सोंग घेऊन त्याचं बिंग फोडलं. युवक महोत्सवात भारूड केलेली पोरगी तुमच्या कॉलेजात असेल तर माइक तिच्या हातात द्या. पाश्चात्त्य समूहगानाच्या स्पर्धेत निवडून आलेल्या गोड गळ्यापेक्षा तिचं जास्त जमेल. चारातल्या तीन अल्बमांवर आवाज बाईचा आहे, हे जाता जाता.

आणि शब्द त्यांचे घेऊ नका. ब्रायटनमध्ये घरभाडं वाढलं म्हणून आपण कशाला ओरडायचं? लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्यावर दोन मिनिटांचं गाणं होतं. ट्यूशनची फी, कापसाचा भाव, रात्री येणारी शेतीची वीज. मराठीत छोट्या ओळी तोडून ओरडता येतात, अनुभव घेऊन बघा.

दोन नावं ओझरती. ओसीज या अमेरिकन बँडचा 'सॉर्क्स 80' (ऑगस्ट 2024) गिटारी बाजूला ठेवून सँपलरवर, म्हणजे साठवलेले आवाज वाजवणाऱ्या यंत्रावर, केलाय. कीबोर्डवाला बँडमध्ये घुसला असेल आणि त्याला काय द्यावं सुचत नसेल तर त्याला हा ऐकवा. चार मुलींचा बँड असेल, वय कमी असेल, तर लॉस एंजेलिसच्या लिंडा लिंडाजचा 'नो ऑब्लिगेशन' (ऑक्टोबर 2024, एपिटाफ कंपनी) घ्या. त्या 2021 मध्ये सार्वजनिक वाचनालयात वाजवलेल्या एका गाण्याच्या व्हिडिओमुळे जगभर माहीत झाल्या, आणि चौघीही गातात, त्यामुळे कोण पुढे उभं राहणार यावरून रुसवे होत नाहीत.

माझा कौल: तिघं असाल, बास बरा असेल आणि ड्रमर हलगीवरून आलेला असेल, तर लँब्रिनी गर्ल्स. दोघंच असाल तर स्नूपर, मशीन लावून. पाच जण, दोन गिटारी आणि हिवाळा असेल तर हाइव्ह्ज. गिटारवाला खरंच तयारीचा असेल तर अ‍ॅमिल, आणि मग बाकीच्यांनी त्याच्याशी जमवून घ्यायचं.

ऐकायला आधी कुठल्याही स्ट्रीमिंग अ‍ॅपवर ऐका, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यातला जो अल्बम महिनाभर वाजत राहील तेवढाच विकत घ्या. बँड किंवा त्यांची कंपनी बँडकँप या संगीत विकणाऱ्या वेबसाइटवर असेल तर तिथून डिजिटल फाइल घेणं सगळ्यात सरळ. डिजिटल विक्रीतले साधारण 15 टक्के बँडकँप ठेवतं, पैसे भरण्याचं शुल्क वेगळं, उरलेलं बँड किंवा कंपनीकडे जातं. 'बँडकँप फ्रायडे' असेल त्या शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात. पैसे भरताना कार्ड नाकारलं तर घाबरू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावा लागतो, नव्या कार्डांवर तो बंदच असतो. परदेशी चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा कापला जातो, तेव्हा तिघांनी वर्गणी काढून एकदाच घ्या. विनाइलची तबकडी मागवायचा मोह होईल, पण कुरियर, कस्टम आणि आपला उन्हाळा तिन्ही आडवे येतात, उन्हात उभ्या गाडीत राहिलेली तबकडी वाकते. तेवढ्या पैशात बासच्या तारांचा नवा संच आणि एक बरा ट्यूनर येतो.