बसायचं तर बाल्कनीतच

भुसावळला माहेरी गेले की जुन्या टॉकीजमध्ये एक तरी सिनेमा बघायचाच, हा माझा नेम. परवा भाचीला घेऊन तीनचा शो गाठला. बाल्कनी 100 रुपये, खाली 80. वीस रुपयांचं तोंड पाहून खाली बसू नका. पुढच्या चार रांगांचा फोम केव्हाच उडालाय, आणि कूलरमध्ये पाणी भरायचं रोज कुणीतरी विसरतं. भुसावळचा एप्रिल ज्याने सोसलाय त्याला वेगळं सांगायला नको.

तरी मी जाते. माझे अप्पा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. मुंबई, नागपूर, इटारसी, तिन्हीकडच्या गाड्या इथून जायच्या, म्हणून सिनेमाच्या वितरकांनी भुसावळातच ऑफिसं थाटली. वितरक-थिएटरवाल्यांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनसुद्धा इथलीच. सिनेमावाल्यांच्या हिशेबात जळगाव-धुळे ‘सी. पी. बेरार’ (जुना मध्य प्रांत-वऱ्हाड) सर्किटमध्ये, सर्किट म्हणजे वितरणाचा इलाखा. म्हणजे आपली पंगत नाशिककरांबरोबर नाही, अकोला-अमरावतीबरोबर. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या अप्पांच्या डोळ्यांसमोरून जायच्या. जेवताना ते सांगायचे, “आज सोळा रिळांचा आलाय.” हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं, म्हणजे सोळा रिळांचे तीन तास. पाढे मी असेच शिकले.

इंटरव्हलला डोअरकीपर काकांनी केबिनचं दार उघडून दिलं. डिजिटल मशीनमागे जुने दोन प्रोजेक्टर धूळ खात उभे आहेत. आत कार्बनच्या दोन कांड्या, त्यांच्या टोकांमधल्या ठिणगीचा उजेड पडद्यावर. कांड्या जळून अंतर वाढलं की चित्र पिवळं पडायचं आणि खालून शिट्ट्यांबरोबर ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकायचा. तो दिसला की ऑपरेटर दुसरं मशीन सुरू करणार. आम्ही भावंडं हिरोकडे कमी, त्या कोपऱ्याकडे जास्त बघायचो. आधी दिसेल त्याला एक फुटाणा.

आवाज मात्र अजून भारी. छत उंच, भिंतींना भोकांचे पत्रे. संवाद घुमत नाही. मल्टिप्लेक्समध्ये कान फाटतात, इथे नाही. पडद्याला डावीकडे खाली ठिगळ आहे, पांढऱ्या सीनमध्ये दिसतंच. वेफर केळीचे, ताजे, दहाला पुडी. समोसा घेऊ नका.

इंटरव्हलनंतर भाची अर्धा तास वरच्या कोपऱ्यात डोळे लावून बसली. “आत्या, ठिपका कुठंय?” डिजिटलात ठिपका नसतो हे तिला सांगायचं राहूनच गेलं होतं. फुटाणे तिलाच दिले.

पोरं नेणार असाल तर सहाचा शो धरा, ऊन उतरलेलं असतं. आणि बाथरूमचं घरूनच उरकून निघा.

पाचपैकी तीन. कूलर चालला असता तर चार दिले असते.