ईव्ह-एनजी कम्युनिटी: लॅब फुकट, इमेजची जुळवाजुळव आपली

गोव्यात फर्मागुडी असो की वेर्णा, नेटवर्किंग शिकणाऱ्याला घरच्या लॅपटॉपवर लॅब हवी असेल तर ईव्ह-एनजीची, म्हणजे राउटर-स्विच आभासी रूपात चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, कम्युनिटी आवृत्ती निःशंकपणे घ्यावी. पैसे लागत नाहीत आणि लॅबमधलं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं. मात्र पहिल्यांदा नोडची (लॅबमधल्या आभासी उपकरणांची) यादी उघडली की बहुतेक नावं करडी दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो. तो बिघाड नव्हे. राउटर-स्विचच्या इमेज (त्यांच्या सॉफ्टवेअरच्या फाइली) त्या त्या कंपन्यांच्या मालकीच्या असल्यामुळे त्या सोबत येत नाहीत, आपणच आणून बसवायच्या असतात.

सुरुवात मिक्रोटिकच्या सीएचआर या आभासी राउटरने करावी. ते थेट उतरवता येतं आणि 256 एमबी रॅममध्ये चालतं. फुकट लायसन्सवर प्रत्येक इंटरफेसला 1 एमबीपीएसची मर्यादा आहे, पण ओएसपीएफ, बीजीपी हे रूटिंग प्रोटोकॉल शिकायला तेवढं पुष्कळ. अरिस्टाचा व्हीईओएस-लॅब हा आभासी स्विच त्यांच्याकडे खातं उघडल्यावर मोफत मिळतो. सिस्कोच हवं असेल तर त्यांचं सीएमएल फ्री हे लॅब सॉफ्टवेअर वेगळं बसवावं, त्यात एका वेळी 5 नोड चालतात. टेलिग्रामवर फिरणारी ‘सगळ्या इमेज एकत्र’ची गाठोडी मात्र नकोच. लायसन्स नाही ते नाहीच, शिवाय आत कोणी काय घातलंय हे कळायला मार्ग नाही.

बसवण्याची खरी मेख नावांत आहे. अरिस्टाचंच घ्या. ईव्ह-एनजीच्या सर्व्हरवर ऑप्ट, युनेटलॅब, अ‍ॅडऑन्स, क्यूईएमयू या क्रमाने आत जाऊन नवा फोल्डर करायचा. त्याचं नाव ‘व्हीईओएस’ (veos) या अक्षरांनीच सुरू व्हायला हवं, तीही इंग्रजी स्मॉल लिपीत, मग आडवी रेघ आणि पुढे आवृत्ती. उतरवलेली व्हीएमडीके डिस्क क्यूईएमयू-आयएमजी या आज्ञेने क्यूकाउ2 प्रकारात बदलून तिला ‘एचडीए’ (hda) नाव द्यायचं, अबूटची (अरिस्टाच्या बूटलोडरची) आयएसओ फाइल ‘सीडीरॉम’ (cdrom) नावाने शेजारी ठेवायची. शेवटी यूएनएल रॅपरची फिक्स-परमिशन्स आज्ञा चालवायची. फोल्डरचं नाव चुकलं तर यादीतलं नाव करडंच राहतं. डिस्कचं नाव चुकलं तर नोड सुरू होऊनही बूट करायला काही सापडत नाही. सिस्कोच्या व्हीआयओएस या आभासी राउटरच्या डिस्कला मात्र ‘एचडीए’ नव्हे, ‘व्हर्टिओए’ (virtioa) नाव लागतं. इथे भलेभले अडकतात.

पहिल्या बूटला अरिस्टा झीरो-टच मोडमध्ये (स्वतःचं कॉन्फिगरेशन नेटवर्कवर शोधत) असतो आणि कन्सोलवर संदेशांचा मारा करतो. ‘अ‍ॅडमिन’ने पासवर्डशिवाय आत जाऊन ‘झीरोटच कॅन्सल’ द्यायचं, तो स्वतःच रीबूट होतो. आणखी एक जपायचं: लॅबमध्ये वापरलेल्या इमेजच्या फोल्डरला नंतर हात लावू नये. प्रत्येक नोड मूळ डिस्कवर फक्त आपले बदल लिहितो. मूळ फाइल बदलली की जुने नोड कोसळतात आणि ‘वाइप’ करण्यावाचून (नोडचे बदल पुसण्यावाचून) इलाज उरत नाही.

नोड अजिबात उठतच नसेल तर ईव्ह-एनजी ज्या व्हीएमवेअरच्या व्हीएममध्ये (आभासी संगणकात) चालतं, त्याच्या प्रोसेसर सेटिंगमध्ये व्हीटी-एक्सची (व्हर्च्युअलायझेशनची) खूण आहे का पाहा. ती खूण असूनही व्हीएम अडत असेल तर विंडोजमधलं मेमरी इंटिग्रिटी बंद करून पाहावं लागतं, कारण ते विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे हायपर-व्ही, मध्ये आणतं.

पावसात वीज कधीही जाते आणि इन्व्हर्टर नसलेला डेस्कटॉप क्षणात बंद पडतो. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर अरिस्टा-सिस्कोच्या नोडवर ‘राइट’ (सेव्ह करण्याची आज्ञा) द्यायचं आणि मग ईव्ह-एनजीतून ‘एक्स्पोर्ट ऑल सीएफजी’ करून सगळ्या नोडचं कॉन्फिगरेशन काढून घ्यायचं.