हेली वुड की ब्रॅडफिल्ड वुड्स: एप्रिलचा एकच दिवस हातात असेल तर

केंब्रिज, लंडन किंवा आसपास राहणाऱ्या आणि इंग्लंडचं जुनं रान एकदा नीट बघायचं ठरवलेल्या माणसाला दोन नावं हमखास ऐकायला मिळतात. केंब्रिजशरमधलं हेली वुड आणि सफकमधलं ब्रॅडफिल्ड वुड्स. दोन्ही लहान आहेत, हेली साधारण ५० हेक्टर आणि ब्रॅडफिल्ड ८० च्या आसपास. दोन्ही वाइल्डलाइफ ट्रस्ट या निसर्गरक्षण करणाऱ्या संस्थांकडे आहेत आणि दोन्हीत ऑक्सलिप हे फिकट पिवळं रानफूल फुलतं. ऑलिव्हर रॅकहॅम या वनस्पतिशास्त्रज्ञाने दोन्हींचा कसून अभ्यास केला. कागदावर वाचून फरक कळत नाही, आणि दोन्ही एका दिवसात करायला गेलं तर एकही धड होत नाही. म्हणून निवड करावी लागते.

दोन्ही खोडव्याची रानं आहेत. खोडवा हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. ऊस तोडल्यावर बुडख्यातून नवे कोंब येतात, तसंच इथे हेझल, ॲश, मेपल जमिनीलगत तोडतात, खुंटातून सरळसोट फुटवे वर येऊ देतात आणि दहा ते पंचवीस वर्षांनी पुन्हा तोडतात. मध्ये मध्ये काही ओक मात्र तुळयांसाठी वाढू देतात. उसाचा खोडवा दोन-तीन तोडींत उतरतो. इथला खुंट प्रत्येक तोडीला थोडा रुंदावत जातो. ब्रॅडफिल्डमधला ॲशचा एक खुंट पाच मीटरांहून रुंद आहे आणि त्याचं वय हजार वर्षांच्या घरात धरलं जातं. तो मधून पूर्ण गेलेला आहे. उरलंय ते शेवाळलेल्या गाठींचं कडं, आणि त्या कड्यावर मनगटाएवढे कोवळे सोट उभे. नवखा माणूस त्याला चार-पाच वेगळी झाडं समजून पुढे निघून जातो. कोकणात राबासाठी ऐन-किंजळाची कवळं तोडलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तोडीची ही पद्धत लगेच ओळखीची वाटेल, फक्त तिथे तोड उंचावर होते आणि इथे बुडाशी.

इतिहासात दोन्ही तोडीस तोड. हेलीची नोंद १२५१ सालच्या, इलीच्या बिशपच्या मालमत्तेच्या पाहणीत आहे. ब्रॅडफिल्ड बरी सेंट एडमंड्सच्या मठाकडे होतं आणि तिथल्या खोडव्याचा माग १२५२ पर्यंत जातो. पण पुढे वाटा वेगळ्या झाल्या. हेलीतली तोड मध्यंतरी बंद पडली होती. ट्रस्टने १९६२ साली रान विकत घेतलं आणि १९६४ पासून तोड पुन्हा सुरू केली. ब्रॅडफिल्डमध्ये ती जवळजवळ अखंड चालत आली, कारण शेजारीच लाकडी दाताळी आणि अवजारांचे दांडे करणारा कारखाना होता आणि त्याला इथला माल लागायचा. त्या रानावरही घाला आलाच. १९६० च्या दशकात त्यातल्याच मंक्स पार्क वुडचा मोठा भाग शेतीसाठी मुळासकट उपटला गेला. उरलेलं १९७० साली खरेदी करून वाचवलं म्हणून आज बघायला तरी मिळतं.

फुलांसाठी जाणाऱ्यांनी आधी ऑक्सलिप ओळखायला शिकावं, कारण निवड त्याच्यावरच ठरते. ब्रिटनमध्ये ते मुख्यतः केंब्रिजशर, सफक आणि एसेक्स यांच्या सीमा भिडतात त्याच टापूत, जुन्या चिकणमातीच्या रानांत सापडतं. फूल फिकट पिवळं आणि एकाच दांड्यावर घोस. सगळी फुलं एका बाजूला मान टाकून असतात, ही त्याची खूण. घोस चहूबाजूंना पसरलेला दिसला आणि फुलं मोठी असली, तर तो बहुधा काउस्लिप आणि प्रिमरोझ या त्याच्याच जातभाईंचा संकर असतो. काउस्लिप स्वतः गडद पिवळं, आत केशरी ठिपके असलेलं, आणि ते उघड्या माळावर येतं. ऑक्सलिपचा बहर सर्वसाधारणपणे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यानंतर चढतो आणि महिनाअखेरीस ओसरतो. निळ्या फुलांचं ब्लूबेल त्यानंतर, एप्रिल संपता संपता आणि मेच्या सुरुवातीला.

ऑक्सलिप बघण्याच्या बाबतीत हेली सरस आहे, हे आधीच मान्य करतो. हेलीचं रान एका सपाट टेकाडावर आहे, पाणी मधल्या भागात मुरतही नाही आणि वाहतही नाही. पाणथळ जागी ब्लूबेल तग धरत नाही, ऑक्सलिप धरतं. त्यामुळे मधल्या भागावर ऑक्सलिपची सत्ता आणि कडेच्या उतरत्या, निचऱ्याच्या जमिनीवर ब्लूबेल, अशी विभागणी तिथे डोळ्यांना दिसते. जमिनीखालचं पाणी वरच्या फुलांवरून वाचता येतं. इतकं स्वच्छ उदाहरण ब्रॅडफिल्डमध्ये नाही.

आणि घोडं अडतं ते याच पाण्यापाशी. हेलीची माती म्हणजे हिमयुगात बर्फाने आणून टाकलेली, चुनखडीचे खडे असलेली चिकणमाती. काळ्या रानात जुलैच्या पावसात चाललेल्या माणसाला तिचा स्वभाव सांगायला नको. पहिल्या शंभर पावलांत बुटाखाली दुसरा तळ तयार होतो, पुढच्या शंभरात तो बाजूंनी पसरतो आणि मग पाय उचलताना बूट मागे राहू बघतो. रानातल्या रुंद वाटांना इथे राइड म्हणतात. लाकूड ओढणाऱ्या गाड्यांच्या चाकोऱ्या त्यांत पडलेल्या असतात आणि थंडीभराचं पाणी एप्रिलमध्येही त्यांत उभं असतं. जमिनीला वाफसा येतो तेव्हा ऑक्सलिप संपलेलं असतं. फूल आणि कोरडी वाट एकाच वेळी मिळत नाही, हेलीची मेख ही.

चिखलात बूट बुडाला याचं मला फार वाटत नाही, रबरी बूट घातले की भागतं. खटकतं ते पुढचं. डबकं दिसलं की माणूस साहजिकच कडेने जातो, आणि कडेलाच, वाटेच्या उन्हात, सगळ्यात दाट ऑक्सलिप असतं. दहा माणसं कडेने गेली की कड मातीत जाते, डबकं तिकडे सरकतं आणि अकरावा माणूस आणखी बाहेरून जातो. तुडवून घट्ट झालेल्या ओल्या चिकणमातीत मुळांना हवा मिळत नाही, तिथलं झाड पुढच्या वर्षी कमकुवत येतं किंवा येतच नाही. जे बघायला आलो तेच पायाखाली घालत चालायचं, हे मला पटत नाही. हेली वुडला जायचंच असेल तर गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट घालून डबक्याच्या मधोमध चालायची तयारी हवी. सोबत सत्तरीचे आई-बाबा किंवा लहान मूल असेल तर ती तयारी कुठून आणणार?

ब्रॅडफिल्डमध्ये चिखल नाही असं नाही. मार्चमध्ये तिथेही पाय भरतात. पण तिथली जमीन एकसारखी नाही. चिकणमातीवर कुठे कुठे वाळूमिश्रित हलकी माती पसरलेली आहे, एक ओढा आहे, निचरा बरा आहे. माती पालटली की फुलंही पालटतात. वूड ॲनिमोन, ब्लूबेल, अर्ली पर्पल ऑर्किड, हर्ब पॅरिस हे सगळं अर्ध्या दिवसाच्या फेरीत येऊ शकतं, आणि ऑक्सलिपही आहेच, हेलीइतकं दाट नसलं तरी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तोडीचे तुकडे. नुकताच तोडलेला, दोन वर्षांपूर्वीचा, दहा वर्षांपूर्वीचा, वीस वर्षांपूर्वीचा, असे वेगवेगळ्या वयाचे तुकडे तिथे जवळजवळ दिसतात. यंदाच्या हिवाळ्यात तोडलेल्या तुकड्यात फारसं काही नसतं, नुसते खुंट आणि रचलेल्या मोळ्या. बघायचा तो दुसऱ्या-तिसऱ्या वसंतातला. उजेड पोहोचल्यामुळे फुलांचा खरा बहर तिथे येतो. फुटवे डोक्याच्या वर गेले की सावली धरते आणि बहर आटतो. कुंपण दिसलं तर ते हरणांसाठी असतं. फॅलो आणि मुंटजॅक जातीची हरणं कोवळे कोंब आणि ऑक्सलिपचे घोस दोन्ही खुडतात, म्हणून फाटक उघडलं की मागे लावून घ्यायचं.

पोहोचण्याबद्दल थोडक्यात. दोन्हीकडे गाडीशिवाय कठीण. हेली केंब्रिजपासून वीसेक किलोमीटर, लाँगस्टोव गावाजवळ बी १०४६ रस्त्यावर. पाण्याच्या टाकीशी जेमतेम काही गाड्या लागतात आणि तिथून जुन्या कुंपणझाडीच्या कडेने चालत चढायचं. जागा भरली असेल तर रस्त्यावर गाडी सोडू नका, वळणावरून गाड्या वेगात येतात. स्वच्छतागृह नाही, ते आधी उरकून यायचं. ब्रॅडफिल्ड बरी सेंट एडमंड्सच्या आग्नेयेला अकरा-बारा किलोमीटर, ब्रॅडफिल्ड सेंट जॉर्ज आणि फेल्शम या गावांच्या मध्ये. केंब्रिजहून अंतर दुपटीहून जास्त पडतं. पण गाडीतळ आहे, माहिती केंद्र आहे, खुणा केलेल्या फेऱ्या आहेत. केंद्राच्या वेळा निघण्याआधी बघून घ्याव्यात.

आसपासच्या मुलखाचाही विचार करावा, कारण रानात तीन तास पुरतात. हेलीभोवती मोठमोठी उघडी शेतं. एप्रिलच्या शेवटी रेपसीड फुललं की सगळं पिवळं होतं, आपल्या मोहरीचंच भावंड. रानाच्या उत्तर कडेने केंब्रिजला जाणाऱ्या जुन्या रेल्वेची पट्टी जाते. जवळ विंपोलचा वाडा आणि त्याची बाग आहे, चहा तिथे. ब्रॅडफिल्डकडून लॅव्हनमला जाता येतं, आणि ती जोड मला फार मोलाची वाटते. लोकरीच्या कापडावर श्रीमंत झालेलं हे गाव, त्यातली लाकडी सांगाड्याची घरं अजून उभी आहेत. सकाळी रानात खोडव्याच्या मधले ओक बघितले असतील, तर संध्याकाळी त्या घरांच्या वाशांकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. बहुतेक वासे मोठे ओंडके चिरून काढलेले नाहीत, तरण्या बारीक ओकांचे चौकोनी केलेले आहेत. त्या काळचं रान कसं वापरलं जायचं, ते भिंतीत दिसतं.

कुठेही गेलात तरी पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर गोचीड तपासा. हरणांच्या रानात ती असते आणि तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो. वारा जोराचा असेल त्या दिवशी जाऊ नका. ब्रिटनमध्ये २०१२ पासून नोंदल्या गेलेल्या बुरशीजन्य रोगाने ॲश वाळत चालला आहे आणि वाळलेल्या फांद्या अचानक खाली येतात. रोप उपटून आणायचा मोह नको, जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कोणतंही रानटी रोप उपटणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

एकटेच असाल, वनस्पतींचा नाद असेल आणि मार्च कोरडा गेला असेल, तर हेली निवडायला माझी हरकत नाही. बाकी बहुतेकांना मी ब्रॅडफिल्डच सांगेन. हेलीला गेलातच, तर पाण्याच्या टाकीपाशी उतरल्यावर चढाच्या वाटेवरच्या चाकोऱ्या बघा. त्यांत पाणी उभं असेल आणि गाडीत रबरी बूट नसतील, तर आत शिरू नका, गाडी विंपोलकडे वळवा.