पाण्याचा पथदर्शी प्रकल्प: आधी खोदकाम की आधी नियम?

सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या ग्रामपंचायतीला कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) निधीतून किंवा शासकीय योजनेतून एका वर्षापुरता पाण्याचा पथदर्शी प्रकल्प मिळतो, तेव्हा ग्रामसभेपुढे साधारणपणे दोन मार्ग असतात. पहिल्यात पोकलेन लावून नाला खोल करायचा, गाळ काढायचा आणि बंधारे बांधायचे; दुसऱ्यात गावाच्या पाण्याचा ताळेबंद, म्हणजे मिळणाऱ्या आणि वापरल्या जाणाऱ्या पाण्याचा हिशेब, मांडून उपशाचे आणि पिकांचे नियम ठरवायचे व बांधकाम त्यानंतर हाती घ्यायचे. दोन्ही मार्ग महाराष्ट्रात चांगले अजमावले गेले असल्यामुळे निवड अंदाजाने करावी लागत नाही.

खोदकामाची जमेची बाजू म्हणजे वेग. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने आणि 2016 ते 2019 या काळातील पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने हे दाखवून दिले; स्पर्धेच्या 45 दिवसांत गावे श्रमदानाला उतरली आणि पुढच्या पावसाळ्यात साठलेले पाणी सर्वांनी पाहिले. गाव एकत्र येते, ही मिळकत मी लहान मानत नाही.

अडचण मात्र पाणी आल्यानंतर सुरू होते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात भूजल साठायला जागाच थोडी. विहिरींची पातळी वर आली की नवे बोअर पडतात आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहतो. यात शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे आहे, कारण राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते आणि उसाइतका खात्रीचा खरेदीदार दुसऱ्या पिकाला सहसा मिळत नाही. ठिबकचेही तेच होते: उपशावर मर्यादा नसेल, तर वाचलेले पाणी जमिनीत न राहता वाढीव एकरांवर जाते. पाणी फाउंडेशननेही 45 दिवसांच्या स्पर्धेनंतर 18 महिन्यांची समृद्ध गाव स्पर्धा घेतली आणि तिच्यात पाण्याच्या ताळेबंदाला स्थान दिले, हे निवड करणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

नियमांच्या मार्गाचा जुना दाखला पुरंदर तालुक्यातील नायगावचा आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे तर कुटुंबातील माणसांवर ठरला, भूमिहीनांनाही हक्क मिळाला, लाभार्थ्यांनी खर्चाचा 20 टक्के भार उचलला आणि ऊस वर्ज्य ठेवला गेला. हिवरे बाजारमध्ये पाऊस मोजून ग्रामसभा पिके ठरवते आणि शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई आहे. या मार्गात पहिल्या वर्षी उद्घाटन करण्याजोगे फारसे काही नसते, भावकीचे वाद उघड्यावर येतात आणि एखाद्या निवडणुकीत सारे मोडण्याचा धोका राहतो. शिवाय हिवरे बाजारच्या मागे अनेक वर्षांचे सलग नेतृत्व आहे, जे निधीसोबत येत नाही.

खर्चाची तुलना थोडक्यात सांगता येते: खोदकामात पैसा एकदम लागतो आणि गाळ पुन्हा काढण्याची तरतूद सहसा नसते, नियमांना पैसा कमी, पण दरवर्षी माणूस लागतो.

माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे. प्रकल्प संपल्यावर जे टिकायला हवे, त्याचीच चाचणी प्रकल्पात व्हायला हवी, आणि बंधारा पाणी अडवतो हे सिद्ध करण्यासाठी आता नव्या प्रयोगाची गरज उरलेली नाही. अपवाद दोन आहेत. ज्या वाडीला पिण्यासाठी टँकर लागतो, तेथे आधी पाणी अडवावे. उजनी धरणाच्या कालव्यावरील गावात पाणी सोडण्याच्या पाळ्यांचा निर्णय गावाबाहेर होतो, म्हणून तेथे केवळ ग्रामसभेचा ठराव पुरणार नाही.

यंत्र शिवारात येण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर आणाव्यात: निरीक्षण विहिरीची पातळी दर महिन्याला कोण नोंदवणार, देखभालीची लोकवर्गणी किती आणि कोणत्या खात्यात जमा होणार, आणि पाऊस कमी झाल्यास रब्बीचे कोणते क्षेत्र कमी करायचे. ग्रामसभा या तिन्हींवर सह्या करण्यास तयार नसेल, तर निधी स्वीकारण्याची तारीख पुढे ढकलावी.