सायक्लोसा की ल्युकॉज: प्रकल्पासाठी कोणता कोळी?

भाचीला टीवायच्या प्रकल्पासाठी कोळ्यांचा एकच वंश (जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) निवडायचाय आणि ती या दोघांत अडकलीय. दोन्ही वंश जगात दूरवर पसरलेले, दोन्ही गोल जाळं विणणारे. पावसाळा सरताना मुंबईत दोन्ही भेटतात.

शोधायला ल्युकॉज सोपा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ओढ्याकाठच्या सावलीत आडव्या किंवा तिरक्या जाळ्याखाली उलटा लटकलेला चंदेरी-हिरवा कोळी पटकन नजरेत भरतो. सायक्लोसा जेमतेम काही मिलिमीटरचा. उभ्या जाळ्याच्या मधोमध तो खाल्लेल्या किड्यांचे अवशेष आणि पाचोळ्याचा चुरा रेशमाने बांधून रेघ तयार करतो आणि पाय अंगाशी आवळून त्या रेघेतच बसतो. मादी बरेचदा अंड्यांची पिशवीही तिथेच गुंफते. इतकी सुंदर लपाछपी मी दुसऱ्या कोळ्यात पाहिलेली नाही.

फोटोसाठीही सायक्लोसाच बरा, तो सहसा जागेवरच बसून राहतो. ल्युकॉज हात लागताच खाली सुटतो.

खर्च सारखाच: मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स.

वंश ओळखायला ल्युकॉजच्या मागच्या पायांच्या मांडीवरची लांब केसांची झालर पाहा, सायक्लोसाची कचऱ्याची रेघ. प्रजातीसाठी मात्र दोन्हींत सूक्ष्मदर्शक लागतोच.

वेळ थोडा आणि नमुने भरपूर हवे असतील तर ल्युकॉज घ्या. रोज त्याच जाळ्यापाशी जाऊन वर्तन टिपायचं असेल तर सायक्लोसा. भाचीला मी सायक्लोसाच सुचवलाय.