औरंगपुऱ्यातील कात्रण वाचनालय: चार दिवसांचा अनुभव

अंबडच्या आमच्या महाविद्यालयात धार्मिक विडंबन आणि त्यावरून होणारे हल्ले या विषयावर मला व्याख्यान द्यायचे होते. त्याच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील एका कात्रण वाचनालयात मी चार दिवस बसलो. वाचनालयाला पाटी नाही. खालच्या झेरॉक्सच्या दुकानात विचारले की ते अरुंद जिन्याकडे बोट दाखवतात. दिवसाचे शुल्क 50 रुपये आहे, झेरॉक्सचे पानामागे 2 रुपये वेगळे द्यावे लागतात आणि फायली घरी नेता येत नाहीत. ते चालवणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत, येणारे सगळे त्यांना काका म्हणतात, आणि ऐंशीच्या दशकापासून ते रोज सकाळी वर्तमानपत्रे कापून खळीने चिकटवत आले आहेत.

मोबाइलवर सगळे मिळत असताना येथे का यावे, हा प्रश्न मलाही होता. त्याचे उत्तर पहिल्याच दिवशी मिळाले. मोबाइलवर निकाल आधी दिसतो आणि घटना नंतर. येथे मात्र कात्रणे दिवसांच्या क्रमाने लावलेली असल्यामुळे, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना लोक काय बोलले होते, ते जसेच्या तसे समोर येते. 7 जानेवारी 2015 रोजी पॅरिसमध्ये, प्रेषित मुहम्मदांची व्यंगचित्रे छापणाऱ्या ‘शार्ली एब्दो’ या व्यंग्य साप्ताहिकाच्या कचेरीवर हल्ला होऊन 12 जण मारले गेले, त्या फायलीत पहिल्या दोन दिवसांची कात्रणे मारेकऱ्यांविषयी आहेत. आठवडा संपता संपता अग्रलेख आणि पत्रे चित्रकारांनी काय काढायला नको होते याकडे वळलेली दिसतात. निषेध सगळेच करतात, पण निषेधाच्या वाक्यात ‘पण’ कोणत्या दिवशी येतो हे या फायलींत बोट ठेवून दाखवता येते, आणि माझ्या व्याख्यानाचा अर्धा भाग या एका निरीक्षणावर उभा राहिला. याच फायलीत आणखी एक गोष्ट जाणवते. ज्या चित्रांवरून एवढा वाद झाला, ती चित्रे कात्रणांत कुठेच नाहीत, कारण आपल्याकडच्या बहुतेक वर्तमानपत्रांनी ती छापलीच नव्हती. मुंबईतील एका उर्दू दैनिकाने त्या साप्ताहिकाचे मुखपृष्ठ छापले, तेव्हा संपादकांनी माफी मागूनही त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले आणि त्यांना अटक झाली. म्हणजे वाचकाने चित्र न पाहताच त्यावर मत द्यायचे, अशी ही सगळी चर्चा आहे.

संग्रहाचे खरे मोल 1988 च्या फायलीत आहे. सलमान रश्दी यांच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ या कादंबरीच्या आयातीवर केंद्र सरकारने 5 ऑक्टोबर 1988 रोजी सीमाशुल्क कायद्याखाली बंदी घातली, 14 फेब्रुवारी 1989 रोजी लेखकाला ठार मारण्याचा इराणच्या खोमेनींचा फतवा निघाला, 1991 मध्ये जपानी अनुवादकाची हत्या झाली आणि 12 ऑगस्ट 2022 रोजी न्यूयॉर्क राज्यात भर व्यासपीठावर लेखकावर चाकूहल्ला होऊन त्यांचा एक डोळा गेला. ही फाईल एवढ्या वर्षांत तीन वेळा पुन्हा शिवलेली आहे, दोरा प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाचा. तिच्यातील शेवटच्या कात्रणांपैकी एक नोव्हेंबर 2024 चे आहे: बंदीची मूळ अधिसूचना सरकारी यंत्रणांना सापडत नसल्यामुळे ती अस्तित्वातच नाही असे धरावे लागेल, असे दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले. ते वाचून मी काकांकडे पाहिले. त्यांनी चष्मा न काढता सांगितले, “बातमी आमच्याकडं आहे सर. कागद त्यांच्याकडं असायला पाहिजे होता.”

कायद्याची फाईल मात्र निराशाजनक आहे. धार्मिक भावना दुखावण्याला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे 295 अ हे कलम 1927 मध्ये आले, ते लाहोरच्या एका प्रकाशकाची प्रेषितांवरील उपहासात्मक पुस्तिकेच्या खटल्यातून सुटका झाल्यानंतर, आणि कलम येऊनही 1929 मध्ये त्या प्रकाशकाचा खून झालाच. हा इतिहास समजल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही, तरी येथे त्यावर एक पिवळे पडलेले पान आहे. आता ते कलम भारतीय न्याय संहितेत 299 क्रमांकाने आले आहे. हेतू बुद्धिपुरस्सर आणि द्वेषमूलक असावा ही त्याची अट आहे, पण गुन्हा दाखल होताना ती कोण तपासतो, यावर एकही कात्रण नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या फायलीपाशी मी सर्वांत जास्त वेळ काढला. 20 ऑगस्ट 2013 ची पुण्यातील हत्या, पाठोपाठ निघालेला जादूटोणाविरोधी अध्यादेश, मग 2015 मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि धारवाडमध्ये कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गी यांच्या हत्या. पहिल्या आठवड्याचे एक कात्रण खिडकीपाशी उजेडात धरले, तर पलीकडून मोंढ्यातील भाव दिसत होते. तुरीचा आकडा निम्मा कापला गेला होता. ही फाईल 2013 मध्ये चार बोटे जाड आहे आणि 2018 मध्ये जेमतेम एक बोट. वास्तविक 2018 मध्ये अटक झालेले आणि 10 मे 2024 रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने जन्मठेप दिलेले दोघेही याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. दूरच्या पॅरिसवर पानेच्या पाने आणि घराजवळ आले की दोन रकाने, याचा दोष वर्तमानपत्रांचा की कात्रीचा, हे मला ठरवता आले नाही.

मी स्वतः शिकवतो, म्हणून सॅम्युएल पाती या फ्रेंच शिक्षकाची फाईल वाचताना हात थोडा थांबला. वर्गात अभिव्यक्तिस्वातंत्र्य शिकवताना त्यांनी ‘शार्ली एब्दो’ची ती व्यंगचित्रे दाखवली आणि 16 ऑक्टोबर 2020 रोजी शाळेजवळच त्यांची हत्या झाली. ज्या विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून संताप भडकला, ती त्या तासाला वर्गात नव्हतीच, हे नंतर उघड झाले. खुनाची बातमी आठ रकान्यांची आहे आणि हा खुलासा एका कोपऱ्यात, माझ्या तळहाताएवढा.

विडंबनाच्या फायलीत काकांनी एकनाथांची भारुडे आणि ‘हिंदू-तुर्क संवाद’ यांवरील लेख लावले आहेत, हे मला पूर्ण पटले. सोळाव्या शतकात पैठणला बसून नाथांनी दोन्ही बाजूंना एकमेकांच्या देवधर्माची भरपूर टर उडवू दिली आणि शेवटी त्यांची गळाभेट घडवली. आज तोच संवाद गुलमंडीवर करायचा म्हटले तर आधी पोलिसांची परवानगी लागेल, आणि ती मिळेल असे मला वाटत नाही.

तक्रार एक, पण मोठी. या शहरात उर्दू वर्तमानपत्रे निघतात आणि घरोघर वाचली जातात, तरी संग्रहात एकही उर्दू कात्रण नाही. त्यामुळे मुस्लिम वाचक येथे फक्त मोर्चाच्या छायाचित्रात किंवा एखाद्या प्रवक्त्याच्या दोन ओळींत भेटतो. ज्यांना चित्र आवडले नाही आणि तरीही खुनाचा राग आला, त्यांची पत्रे मराठीत अनुवादित होऊन आली तेवढीच. काकांना विचारले तेव्हा त्यांनी ते मान्य केले. पूर्वी उर्दू वाचून देणारा एक मुलगा होता, तो नोकरीसाठी पुण्याला गेला, असे ते म्हणाले. बाकी किरकोळ म्हणजे जुन्या कात्रणांवर तारीख आहे पण वर्तमानपत्राचे नाव नाही, कसर लागलेली पाने हाताळताना जपावे लागते आणि दुपारी दोन ते चार वाचनालय बंद असते.

पाचपैकी साडेतीन तारे. पुढच्या महिन्यात मी आमच्या महाविद्यालयातील उर्दूच्या प्राध्यापकांना सोबत घेऊन जाणार आहे. त्यांच्याकडून शुल्क घेणार नाही, असे काकांनी कबूल केले आहे. चहाचे मात्र ज्याचे त्याने द्यायचे.